टपालाची साखळी

दातवालीनं, म्हणजे जवळच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरनं, वही काउंटरवर ठेवली तेव्हा बाइंडरचे दोन्ही हात मनगटापर्यंत खळीत बुडालेले होते, म्हणून त्याला ती हिसकावून घेता आली नाही. नाहीतर घेतली असती.

"पाठ सुटलीय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत होईल का, काका?"

ती छत्तीस वर्षांची, तो एकसष्टचा. काका म्हणण्याचा हिशेब बरोबर होता, आणि बरोबर होता म्हणूनच त्याला तो जास्त झोंबायचा. त्यानं कोपऱ्यातल्या नळाखाली हात धरले, एकेक बोट घासलं, नखं घासली, परत बोटं घासली. आपल्याला घाई नाही हे समोरच्याला दिसावं एवढा वेळ त्यानं हात धुतले आणि मग फडक्याला पुसत पुसत वहीकडे आला.

बोटभर जाड वही. हिरवं कापड, कोपऱ्यांना काळं कातडं. बावीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या हजेरीपटांतून उरलेला कागद घेऊन त्यानं ती स्वतः बांधली होती. दुहेरी दोरा, एकेक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, हातानं शिवलेला. बांधून टपालाच्या हातात दिली होती आणि म्हणाला होता, "आता तरी रस्ते पाकिटांच्या पाठीवर लिहू नकोस."

टपाल म्हणजे पोस्टमन. त्याला नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकात. आठवड्याचे सहा दिवस पगारासाठी सायकल चालवून सातव्या दिवशी हौसेनं चालवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर सुखी. टपाल दोन्ही होता. रविवारी सकाळी सायकली काढणारी सहा-सात जणांची जी मंडळी होती, तिचे सगळे मार्ग त्याचे. मधल्या वारी एकटाच जाऊन तो रस्ता हुडकून यायचा, शहरातून कुठल्या गल्लीनं सुटायचं, नदीकाठचा बांध कुठं खचलाय, नळ कुठं, कुत्री कुठं, सगळं वहीत उतरवायचा, आणि मग रविवारी मंडळींना न्यायचा. आधी लिहायचा, मग न्यायचा. असे सतरा मार्ग. तीन महिन्यांपूर्वी तो गेला, आणि वही या बाईकडे आली.

"सुटली कशी?"

"हँडलला चिमट्यानं लावते ना. उलटी दुमडून."

बाइंडरनं डोळे मिटून घेतले. तान्ह्या पोराला एका पायाला धरून उचलते, असं कोणी सांगितलं असतं तरी त्याचा चेहरा याहून वेगळा झाला नसता.

"वही दुमडायची नसते."

"टपालकाकांच्या सगळं डोक्यात होतं. माझं डोकं तेवढं नाही."

"ते खरं," बाइंडर म्हणाला. मग त्यानं पाठीवरून अंगठा फिरवला आणि थांबला. कापडावर पारदर्शक चिकटपट्टीचे तीन पट्टे होते. "हे कुणाचं पाप?"

"स्टेशनरीवाल्याकडे नेली होती आधी." ती जरा अवघडली. "त्यानं एवढं केलं आणि म्हणाला, ही शिवण ज्याची त्यालाच द्या."

"आणि माझं दुकान तुला दिसलं नाही. तुझ्या दवाखान्यातून थुंकलं तर इथं पडतं."

"वहिनी म्हणाल्या होत्या, उगाच तुम्हाला कशाला त्रास."

वहिनी म्हणजे टपालाची बायको. बाइंडर चिकटपट्टीचं एक टोक नखानं उचकटत राहिला. बावीस वर्षांत वहिनीला त्याच्या त्रासाची काळजी पडलेली त्याला आठवत नव्हती. घरात कपाट सरकवायचं असलं तरी त्यालाच बोलावणं यायचं.

"फक्त पाठ हं, काका. आतलं जसंच्या तसं राहू दे."

"मी पुस्तकं शिवतो, बाई. वाचत नाही."

"तसं नाही हो." ती हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागली. "रविवारी अकरावा मार्ग घ्यावा म्हणते. तीन महिने सपाटच हिंडतोय, मंडळी कुरकुरायला लागली."

"अकरावा म्हणजे गिरणीचा चढ."

"हो. जमेल ना?"

"मला विचारतेस? त्या चढावर टपालाची साखळी पडायची आणि तो हात काळे करत बसायचा. त्याच्यापायी दरवेळी उतरून थांबलेला माणूस आहे मी. नाहीतर एका दमात वर गेलो असतो."

दुकानात आलेलं कुणीही या वाक्याला हसायचं. ती हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि गेली.

*

वही आपल्याला मिळणार यात बाइंडरला शंकाच नव्हती. महिना उलटल्यावर, बरं दिसेल एवढं अंतर ठेवून, तो वहिनींकडे गेला होता. खुर्चीत बसला, तब्येतीचं विचारलं, पाणी प्यायला, आणि वहिनी आतल्या खोलीत गेल्या तेव्हा त्यानं मांडीवरचे हात मोकळे करून ठेवले. वहिनी बाहेर आल्या त्या सायकलचा पंप घेऊन.

"हा तुम्ही घ्या, भावोजी. त्यांचा आवडता."

"आणि वही?"

"ती दातांच्या डॉक्टरला दिली. तिला लागेल."

"मला नाही लागणार?"

"तुम्हाला पाठच आहे की सगळं."

बावीस वर्षांच्या मैत्रीतून त्याच्या वाट्याला हवा आली. तो पंप काखोटीला मारून निघाला, आणि घरी येईपर्यंत तिघांनी त्याला विचारलं, पंक्चर झालं का म्हणून.

त्या रात्रीपासून त्यानं मनाशी गणित मांडलं होतं आणि ते रोज नव्यानं तपासत होता. बावीस वर्षांचे रविवार अकराशे चव्वेचाळीस. त्यातून आजारपणं, लग्नकार्यं, पूर आलेले आठवडे वजा केले तरी नऊशेच्या खाली येत नव्हतं. दातवाली मंडळीत आली टपाल जाण्याआधी चौदा महिने. तिचे रविवार साठ, त्यातले नऊ तिच्या परिषदांचे, दोन सर्दीचे. उरले एकोणपन्नास. नऊशेला पंप आणि एकोणपन्नासांना वही. जगातल्या कुठल्याही तराजूत हे बसत नव्हतं.

आणि एकोणपन्नास रविवारांत तिनं केलं काय? टपालाला प्रश्न विचारले. हा रस्ता कुठं जातो, तो पूल कधी बांधला, नावेत सायकली किती मावतात. टपाल फुगून उत्तरं द्यायचा. बाइंडरनं बावीस वर्षांत त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण मित्राला प्रश्न विचारायचे नसतात, त्याच्याशी वाद घालायचा असतो. शिवाय तिच्या हँडलवर तो आरसा. दात बघायचा लांब दांडीचा एवढासा गोल आरसा तिनं तारेनं बांधला होता आणि सायकल चालवताना सारखी त्यात बघायची. "तोंड बघते," बाइंडर मागून म्हणायचा. तो नेहमी शेवटी असायचा. शेवटी असणं हे त्याच्या मते जबाबदारीचं काम होतं. कोणी मागे राहायला नको म्हणून.

"दाढ दुखतेय का?" त्याच्या बायकोनं त्या दिवशी दुपारी डबा उघडताना विचारलं. ती रोज डबा घेऊन दुकानात यायची आणि त्याचं होईस्तोवर फर्मे दुमडत बसायची.

"नाही. का?"

"तिचं नाव निघालं की जबडा आवळून घेता. दाखवून घ्या एकदा. तिलाच दाखवा."

"वही आलीय शिवायला."

बायकोनं वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "शिवा आणि द्या," ती म्हणाली. "एवढंच करा."

*

बाइंडरनं एवढंच केलं असतं. शुक्रवारी दुपारी त्यानं चिकटपट्टी वाफेवर सैल केली, जुनं कापड सोलून काढलं, दोरा कापला, आणि वही फर्म्याफर्म्यानं सुटी झाली. वहीची पाठ उघडली की ती कोणाचीच नसते. नुसते कागदाचे गठ्ठे. न वाचता त्यानं ते क्रमानं लावले. वाचत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि शब्दाचा तो पक्का होता. शेवटचा फर्मा मात्र हातात आला तेव्हा वरच्या कोपऱ्यातला आकडा दिसलाच. सतरा.

सतरावा मार्ग कोणीच चालवला नव्हता. टपालानं तो शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या लिहिला होता. बाइंडर भेटायला जायचा तेव्हा उशीखाली वही असायची. "बरा झालो की धरणापर्यंत," टपाल म्हणायचा, आणि बाइंडर म्हणायचा, "धरणापर्यंत जाशील, परत कोण आणणार?" असलं काहीतरी बोलूनच तो निरोप घ्यायचा.

त्यानं तो फर्मा उचलला आणि बाजूला ठेवला. मग अजून थोडा बाजूला. मग टेबलाच्या खणात, पुठ्ठ्याच्या कातरणांखाली.

सोळा मार्ग तिला जन्मभर पुरतील, त्यानं स्वतःला समजावलं. शिवाय बांधताना एखादा फर्मा गहाळ होतो, मोठमोठ्या छापखान्यांत होतो. शिवाय कागद मुळात त्याचाच. चोरी करणाऱ्याला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. बाइंडरनं सुईत दोरा ओवून होईपर्यंत पाच कारणं जमवली होती. सोळा मार्ग त्यानं झकास शिवले. पाठीला खळ लावली, नवं हिरवं कापड ताणून बसवलं, वही दाबात घातली आणि स्क्रू आवळला. मग हात धुतले, चहा मागवला, दुकानाची अर्धी फळी लावून घेतली आणि खणातून सतरावा मार्ग काढला.

पहिली दोन पानं त्यानं चालवल्यासारखी वाचली; वीटभट्टीपर्यंतचा रस्ता अकराव्याचाच होता. धक्क्यावरून निघा. मासळीबाजार डावीकडे ठेवा, रस्ता ओला असतो. लोखंडी पुलावर मधल्या फळ्यांवरून, कडेच्या सुटल्यात. बांधावर वारा समोरून. गप्पा मारू नका. टपालाचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, शेवटी शेवटी थरथरलेलं. वीटभट्टीपाशी ठिपक्यांचं कुत्रं, भुंकतं, येत नाही. बाइंडरला बांधावरचा वारा कानात ऐकू यायला लागला. हे सगळं आता त्याचं एकट्याचं होतं. चहा गार झाला तरी त्याला चालणार होता.

तिसऱ्या पानावर किलोमीटरचा आकडा टाकून लिहिलं होतं: २२.४ — धरणाचा पहिला चढ. साखळी.

बाइंडर मोठ्यानं हसला. मेल्याची साखळी अंथरुणात सुद्धा पडते! त्यानं पान उलटलं. २४.० — दुसरा चढ, मोठ्या वळणापाशी. साखळी.

हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मग त्याला तिथं काही काम उरलं नाही. धरणाच्या या रस्त्यावर कोणी गेलंच नव्हतं. न गेलेल्या रस्त्यावर साखळी पडणार हे टपालाला कुठून कळलं?

पानाच्या तळाशी पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. "आता एकदा पुरत नाही, दोनदा थांबावं लागेल. बाइंडर चिडेल. चिडू दे, तेवढ्यात त्याचा दम खाऊन होतो."

बाहेर कोणीतरी फळीवर टकटक केली. बाइंडरनं ओ दिली नाही. तो उठला, दाबाचा स्क्रू सोडला आणि ओली वही बाहेर काढली. ओली वही उघडायची नाही, हे तो गिऱ्हाइकांना तीस वर्षं बजावत आला होता. त्यानं ती उघडली आणि अकरावा मार्ग काढला.

गिरणीचा चढ. निळ्या शाईत: ४२.१ — साखळी. ते खोडून काळ्या शाईत: ४१.७. तेही खोडून, पेन्सिलीनं: ४१.२, मैलाचा दगड. प्रत्येक खोडणीशेजारी साल. दर सहा-सात वर्षांनी साखळी चारपाचशे मीटर खाली घसरत आली होती. त्यानं चौथा मार्ग काढला, नववा काढला. जिथं जिथं चढ, तिथं तिथं साखळी. आणि जिथं साखळी, तिथं तो स्वतः. घामाघूम होऊन मागून येणारा, सायकलवरून उतरणारा, खिशातलं फडकं टपालाच्या अंगावर फेकणारा. "तेल घाल रे त्या साखळीला! माझा सगळा जोर वाया घालवलास!" आणि टपाल खाली मान घालून काळे हात पुसत बसायचा. चांगली पाच-पाच मिनिटं. हात काळे करायला तो ती साखळी खरोखर काढत असेल, हे बाइंडरच्या आता लक्षात आलं.

त्यानं वही मिटली. आणि गंमत अशी की यानंतर त्याचा राग निवायला हवा होता, तर तो वाढला. वहिनींना हे माहीत होतं. म्हणूनच पंप. दातवालीला माहीत होतं, चौदा महिन्यांच्या बाईला. टपालानं तिला सांगितलं असेल, हँडलला हँडल लावून जाताना. आणि मागे मान वळवून हा येतोय का ते दोघांनी पाहिलं असेल. नऊशे रविवारांत हे गुपित त्याच्यापर्यंत आलं नाही आणि एकोणपन्नासांत तिच्यापर्यंत पोचलं. पत्र त्याच्याविषयी होतं, आणि टपालानं ते दुसऱ्याच घरी टाकलं होतं.

चहा खरंच गार झाला होता. तो त्यानं ओतून दिला. मग पाठीवरचं नवं कापड सोललं, आत्ताच घातलेला दोरा कापला आणि सतरावा फर्मा जागेवर ठेवून वही पहिल्यापासून पुन्हा शिवायला घेतली. शिवलेलं उसवून पुन्हा शिवायला नव्यानं शिवण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. भोकं आधीचीच असतात आणि सुईला ती दिसत नाहीत.

*

शनिवारी दातवालीनं वही हातात घेतली आणि पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. बाइंडर खळ ढवळत होता.

"सगळं आहे," तो म्हणाला. "मोजून घे हवं तर. बत्तीसच्या बत्तीस."

ती या वेळी हसली. मग वही मिटून तिनं पाठीवरून हात फिरवला. "काका, तुम्ही आत..."

"शिवली. पाठ घट्ट आहे, दुमडली तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

"नाही दुमडणार."

"मग रस्ता कसा बघणार?"

"पाठ केलाय मी अकरावा." ती क्षणभर घुटमळली. "बराचसा."

*

रविवारी ती पुढे आणि बाइंडर शेवटी. धक्क्यावर दगडांना अजून रात्रीचा ओलावा होता. लोखंडी पुलावर सगळ्यांनी मधल्या फळ्या धरल्या, बांधावर वारा समोरून आला आणि कोणी गप्पा मारल्या नाहीत. वीटभट्टीपाशी ठिपक्यांचं कुत्रं भुंकलं आणि आलं नाही. सगळं वहीबरहुकूम. टपाल गेल्यावर निदान काहीतरी बिघडायला हवं होतं, असं बाइंडरला वाटत राहिलं.

आरशाकडे त्याचं लक्ष आज पहिल्यांदाच नीट गेलं. सूर्य मागे होता, आणि ती वळणावर जरा बाजूला झाली की आरशातून एक लख्ख कवडसा यायचा. तो तिच्या तोंडावर पडत नव्हता. मंडळींना ओलांडून सरळ मागे यायचा आणि बाइंडरच्या छातीवर थरथरत राहायचा. तोंड बघायला लावलेला आरसा असा तिरका कोणी बांधत नाही.

एक्केचाळिसाव्या किलोमीटरच्या अलीकडेच गिरणीचा चढ लागला. मंडळी वर सरकली. बँकवाला नेहमीसारखा उभा राहून पॅडल मारत सगळ्यांच्या पुढे. बाइंडरनं ठरवून टाकलं होतं. आज थांबायचं नाही. कोणाची साखळी पडो, हाडं पडोत, दगड मागे टाकायचा आणि गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. मग बघू कोण कोणासाठी थांबतं. पहिले दोनशे मीटर त्यानं या रागावर काढले. राग हे चांगलं इंधन असतं, फक्त टाकी लहान असते.

वळण घेतलं तर समोर दातवाली सायकल उलटी करून रस्त्याच्या कडेला बसलेली.

"साखळी पडली, काका."

'दुखणार नाही हं,' असं दिवसातून वीस वेळा सांगायची तिला धंद्यानं सवय होती. तरी तिचे कान लाल झाले. साखळी दात्यांवर जिथल्या तिथं बसलेली होती. चाक अजून फिरत होतं आणि साखळीही त्याच्यासोबत मुकाट फिरत होती.

"टपालाचं भूत शिरलं वाटतं तुझ्या सायकलीत!" वरून बँकवाला ओरडला. "आम्ही पुढे होतो गं!"

बाइंडरला तिला ओलांडून जाता येत होतं. रस्ता रुंद होता. त्यानं दोन पॅडल मारलीसुद्धा, तिच्या बरोबरीला आला, आणि त्याची नजर पुढे गेली. मैलाचा पांढरा दगड तिथून चांगला तीनशे मीटर वर होता.

तो उतरला. छाती भात्यासारखी हलत होती, आणि ती हलायची थांबेपर्यंत बोलता येत नव्हतं, म्हणून खिशातून फडकं काढून त्यानं तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं आणि हात पुसायला लागली. एकेक बोट, नीट, नखांपर्यंत, जसे दवाखान्यात पुसत असेल. फडकं जितकं स्वच्छ होतं तितकंच स्वच्छ राहिलं.

"साखळीला तेल घालत जा," शेवटी बाइंडर म्हणाला.

"घालते."

"आणि फार लवकर पडली तुझी."

तिचे हात थांबले.

"त्याची त्या दगडापाशी पडायची." त्यानं हनुवटीनं वर दाखवलं. "तो एवढ्यात नसता थांबला. त्याला माहीत होतं माणूस कुठपर्यंत येतो ते."

ती दगडाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "आरशात तुम्ही हेलकावत होता, काका. मी घाबरले."

"एकोणपन्नास रविवारांत अंदाज येत नाही," बाइंडर म्हणाला. पण आवाजात होता तो दमच होता, राग नव्हता. "उचल ती सायकल. दगडापर्यंत चल."

दोघं निघाले. या वेळी ती त्याच्या पुढे गेली नाही. हँडलला हँडल लावून चालवत राहिली आणि एकही प्रश्न विचारला नाही. शंभर मीटर झाले. दीडशे. दगडावरचा आकडा आता वाचता येत होता. बाइंडरनं दात आवळले, मांड्यांना शिव्या घातल्या, टपालाला घातल्या. दगड उन्हात पांढराफेक, पन्नास पावलांवर, आणि मग साठ पावलांवर असल्यासारखा.

त्यानं ब्रेक दाबला आणि एक पाय टेकला.

"थांब," तो म्हणाला. दोनदा श्वास घेतला. "माझी साखळी पडली."

दातवाली थांबली. तिनं त्याच्या साखळीकडे पाहिलं नाही. सायकल सरळ उभी धरून ती वाकली, मघाशी खिशात ठेवलेलं त्याचंच फडकं काढलं आणि त्याच्यापुढे केलं.

बाइंडरनं ते घेतलं आणि हात पुसायला सुरुवात केली. अंगठ्यापासून, सावकाश.